टॉवर क्रेनवर नवीन मेकॅनिक आहेस? आधी एवढं पक्कं कर

ड्राइव्हचं (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राचं) सेटिंग, क्लाइंबिंग (क्रेनची उंची वाढवणं) हे सगळं नंतर येईल, घाई करू नकोस. सुरुवातीला हे अंगवळणी पाड:

१. डबल लॅनयार्डचा (सेफ्टी बेल्टला जोडलेल्या दोन हूकवाल्या दोराचा) एक हूक अडकवल्याशिवाय दुसरा काढायचा नाही. रेलिंगला किंवा केबल ट्रेला हूक नको.
२. शिडीवर दोन्ही हात मोकळे हवेत. हत्यारं पिशवीत घालून दोराने वर घे. वर गेल्यावर प्रत्येक पाना दोरीने बांधलेला हवा.
३. पॅनेल उघडण्याआधी मेन आयसोलेटर (वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद, त्याला तुझं कुलूप, चावी तुझ्याच खिशात. ऑपरेटरला ओरडून सांगणं पुरत नाही. ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये त्यानंतरही काही मिनिटं चार्ज राहतो.

नवे लोक सर्वात जास्त चुकतात ते वायर रोपमध्ये. जुन्या ग्रीसवरच नवं फासतात आणि तुटलेल्या तारा खाली झाकून जातात. रोप थांबवून, हातमोजे घालून आधी पुसून काढ. ड्रमवर थर बदलतो तिथे, पुलीवरून सतत जाणाऱ्या भागात आणि टोकाच्या सॉकेटपाशी नीट बघ. व्यास व्हर्नियरने मोजताना जबडे समोरासमोरच्या पेडांच्या (तारा पिळून केलेल्या जुड्यांच्या) उंचवट्यांवर ठेव, खाचेत नाही. रोपला किंक (कायमचा मोड) पडला किंवा पेड पिंजऱ्यासारखे फुगले, तर तो रोप बदलायचाच.

लिमिट स्विच (हद्द ओलांडली की क्रेनची हालचाल थांबवणारा स्विच) ‘थोड्या वेळापुरता’ बायपास करायला सुपरवायझर सांगेल. स्पष्ट नाही म्हण.

आणि काम संपवून उतरण्याआधी, विशेषतः पावसाळ्यात, स्ल्यूइंग ब्रेक (क्रेनचं गोल फिरणं रोखणारा ब्रेक) मोकळा केलाय ना ते तपास. जिब (क्रेनचा लांब हात) वाऱ्याबरोबर फिरायला हवी; ती अडकली तर आडव्या वाऱ्याचा सगळा जोर मास्टवर (उभ्या मनोऱ्यावर) येतो.