कपाशीची टिश्यू कल्चर रोपं केळीसारखी का मिळत नाहीत

भाऊ, पारोळ्याकडच्या तुमच्या शेतात एकाच झाडाला दीडशेवर बोंडं लागलीत आणि केळीसारखी त्याच झाडाची टिश्यू कल्चर रोपं, म्हणजे झाडाचा बारीक तुकडा बाटलीत वाढवून केलेली, लॅबमधून मिळतील का, असं तुम्ही विचारलंय. जळगाव भागात केळीच्या लॅबमध्ये मी बरीच वर्षं काढली, कपाशीवरही प्रयत्न केले. आज तरी यात पैसा घालू नका.

केळीच्या मुनव्याचा, म्हणजे बुंध्याशी फुटणाऱ्या पिल्लाचा, कोंब बाटलीत ठेवला की त्याला फुटव्यावर फुटवे येतात. कपाशीत बहुतेक वेळा आठवडाभराच्या अंकुराचा, बीजदलांखालचा, म्हणजे पहिल्या दोन जाड पानांखालचा, कोवळा देठ कापून घेतात. म्हणजे तुम्हाला आवडलेलं झाड शेतातच राहतं, बाटलीत जातो त्याच्या सरकीचा अंकुर! आणि संकरित वाणाची सरकी पेरली की पुढची पिढी एकसारखी निघत नाही, हे तुम्ही जाणताच.

त्या तुकड्यावर आधी पेशींचा गोळा धरतो, त्यातून भ्रूण आणि मग रोप. गोळा सहज येतो, भ्रूण येत नाही. कापलेल्या कडेतून तपकिरी रस आगरमध्ये, म्हणजे बाटलीतल्या जेलीसारख्या माध्यमात, उतरायचा, चार दिवसांत बाटलीचा तळ चहासारखा दिसायचा आणि तुकडा काळा पडायचा. दर काही दिवसांनी नवीन माध्यमावर हलवत राहिलो, महिने गेले, तरी आपल्याकडच्या वाणांनी दाद दिली नाही. जो भ्रूण आला त्याला मूळ धड नव्हतं.

अमेरिकेतलं कोकर 312 हे वाण मात्र यात साथ देतं. म्हणूनच बोंडअळीला रोखणारं बीटीचं जनुक आधी त्यात घातलं, मग पुन्हा पुन्हा संकर करून आपल्याकडच्या वाणांत आणलं. 2002 साली देशात परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीमागे हेच काम आहे. कपाशीत टिश्यू कल्चरचा खरा उपयोग तिथे आहे, रोपं विकण्यात नाही.

हिशोबही बघा. सहा बाय पाच फुटांवर केळीला एकरी साधारण 1450 रोपं लागतात, चार बाय दोन फुटांवर कपाशीला साडेपाच हजारांच्या घरात. म्हणजे लॅबची रोपं जवळपास चौपट विकत घ्यावी लागतील.

तुमचं ते झाड बांधाकडेला आहे का? तिथे ऊन आणि खत जास्त मिळतं, तेवढ्यानंही बोंडं वाढतात. रोपंच हवी असतील तर पेरणीच्याच दिवशी थोडं बी कागदी कपात लावा आणि पंधरा दिवसांच्या आत त्यांनी नांग्या, म्हणजे न उगवलेल्या रिकाम्या जागा, भरा. उशीर केला तर सोटमूळ कपाच्या तळाशी वळतं, मग ते झाड शेवटपर्यंत मागेच राहतं.