गणितात पीएच.डी. झाल्यावर संशोधन संस्थेत पोस्टडॉक करावे का, आणि अर्जात नेमके काय पाहिले जाते?

आपला प्रश्न असा आहे की गणितातला प्रबंध काही महिन्यांत सादर होणार असताना महाविद्यालयातील जागेच्या जाहिरातीची वाट पाहावी, की एखाद्या गणित संशोधन संस्थेत पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरची काही वर्षांची तात्पुरती संशोधन-नेमणूक, करावे. मी आधी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि नंतर जर्मनीतील बॉनच्या माक्स प्लांक गणित संस्थेत ही वर्षे काढली आहेत. संशोधनाची ओढ खरी असेल तर पोस्टडॉक जरूर करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रयोगशाळेतील विषयांत पोस्टडॉक बहुधा कोणाच्या तरी प्रकल्पावर नेमला जातो आणि त्याचे काम ठरलेले असते. गणिताच्या संस्थेत तसे नसते. प्रश्न आपला आपणच घेऊन जायचा असतो, शिकवण्याचे बंधन सहसा नसते आणि आठवडा कसा घालवला हे कोणी विचारत नाही. कुलाब्याला पोस्टडॉकला ‘व्हिजिटिंग फेलो’ म्हणतात. 1949 मध्ये गणितज्ञ के. चंद्रशेखरन तिथे आले आणि त्यांनी गणिताचा विभाग उभा केला, एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री त्याच विभागात घडले आणि वक्रांवरील व्हेक्टर बंडलांविषयीचा (वक्राच्या प्रत्येक बिंदूला एकेक सदिश अवकाश जोडून होणाऱ्या रचनांविषयीचा) त्यांचा सिद्धांत 1965 साली प्रसिद्ध झाला. माझा विषय त्याच सिद्धांतातून वाढलेला आहे, त्यामुळे त्या इमारतीत फळ्यासमोर उभे राहण्याचे मला फार अप्रूप होते. तरीही पहिले चार महिने मी खोलीचे दार लावून एकट्याने वाचत बसलो, आणि मोकळा वेळ असा वाया जाऊ शकतो हे मला फार उशिरा कळले.

बॉनची संस्था जर्मन गणितज्ञ हिर्झेब्रुख यांनी 1980 साली सुरू केली. तिथे कायमचे गणितज्ञ मोजके आणि जगभरातून येणारे पाहुणे पुष्कळ, अशी रचना आहे. संस्था जुन्या टपाल कार्यालयाच्या इमारतीत आहे आणि समोरच्या चौकात बेटोफेनचा पुतळा आहे. एका दुपारी चहाच्या वेळी मी एका ज्येष्ठ पाहुण्याला माझी सिद्धता फळ्यावर दाखवत होतो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “बंडलाची रँक आणि डिग्री सहमूळ नसतील, तेव्हाही ही तिसरी पायरी टिकते का?” रँक आणि डिग्री हे बंडलाशी जोडलेले दोन पूर्णांक; 1 सोडून सामाईक विभाजक नसला की ते सहमूळ. ती पायरी टिकत नव्हती. मॉड्युली अवकाशात, म्हणजे अशी बंडलेच ज्याचे बिंदू असतात त्या अवकाशात, सिंग्युलर (गुळगुळीतपणा मोडणारे) बिंदू नाहीत, असे मी नकळत गृहीत धरले होते. खडू हातात तसाच राहिला; पण ज्या चुकीमागे माझे आणखी सहा महिने गेले असते ती पाच मिनिटांत सापडली, आणि पुढचा शोधनिबंध त्या अडचणीतूनच निघाला. म्हणून संस्थेच्या नावापेक्षा तिथे आपला प्रश्न समजून घेणारी दोन-तीन माणसे आहेत का, हे आधी पाहावे.

अर्जात सर्वांत जास्त वजन शिफारसपत्रांना असते. तीन-चार पत्रे लागतात आणि ती सगळी आपल्याच विभागातली असली तर अर्ज दुबळा पडतो. निदान एक तरी पत्र आपले काम वाचलेल्या बाहेरच्या गणितज्ञाचे असावे. असा माणूस ऐन वेळी मिळत नाही. परिषदेत व्याख्यान द्यावे, निबंध अर्काइव्ह (arXiv) या शोधनिबंधांच्या खुल्या संकेतस्थळावर टाकावा आणि त्या विषयातल्या व्यक्तीला एक नेमका प्रश्न विचारणारे छोटे पत्र पाठवावे, म्हणजे ओळख कामातून होते. अर्जासोबत पुढे काय संशोधन करणार हे सांगणारे संशोधन-निवेदन द्यावे लागते. त्याचा माझा पहिला मसुदा सात पानांचा होता. माझ्या गाईडनी पहिल्या पानावर पेन्सिलीने आडवी रेघ मारून लिहिले, “प्रश्न कुठे आहे?” तेव्हापासून मी पहिल्याच परिच्छेदात प्रश्न, तो का अडला आहे आणि मी काय करणार आहे, एवढेच शेजारच्या विषयातल्या वाचकालाही कळेल अशा भाषेत लिहितो.

अमेरिकेतील बहुतेक अर्ज अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या मॅथजॉब्स या संकेतस्थळावरून होतात आणि त्यांच्या मुदती नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास संपतात. म्हणजे पुढच्या वर्षीच्या जागेची तयारी या पावसाळ्यातच करायला हवी. अमेरिकेतील बर्कलेच्या गणित संशोधन संस्थेसारख्या (एसएलमॅथ, पूर्वीची एमएसआरआय) ठिकाणी एकेका सत्राचा विषय बराच आधी जाहीर होतो, तेव्हा आपल्या विषयाचे सत्र कधी आहे ते पाहून अर्ज करणे शहाणपणाचे. भारतात संस्थांच्या स्वतःच्या जागांखेरीज अणुऊर्जा विभागाच्या राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळाची पोस्टडॉक शिष्यवृत्ती आहे. दोन वर्षांची नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिपही आहे. तिला पस्तिशीची वयोमर्यादा आहे, स्त्रिया आणि राखीव प्रवर्गांना तीत सवलत मिळते.

शेवटची गोष्ट व्यवहाराची आहे, पण तिच्यामुळे मी चांगली मुले अडकलेली पाहिली आहेत. आपल्याकडे प्रबंध सादर झाल्यापासून मौखिक परीक्षेपर्यंत पुष्कळदा बरेच महिने जातात आणि परदेशातील संस्था रुजू होताना पदवीचा पुरावा मागतात. तेव्हा अर्जात पदवीचा अपेक्षित महिना प्रामाणिकपणे लिहावा, परीक्षा होताच विद्यापीठाकडून तात्पुरते प्रमाणपत्र मागून घ्यावे, आणि उशीर होणार असे दिसताच रुजू होण्याची तारीख पुढे ढकलता येईल का, हे संस्थेला लगेच पत्राने विचारावे. मी असे विचारले होते, आणि मला तीन महिने वाढवून मिळाले.