उन्हाळ्यात तडकलेले टेबल

प्रश्न : वर्षभरापासून मी हौसेने घरीच सुतारकाम शिकतो आहे. ऑगस्टमध्ये खानापूरहून सागवानी फळ्या आणून लेकीसाठी 60 सेंमी रुंद टेबल केले. फळ्या वळू नयेत म्हणून खालून तीन आडव्या पट्ट्या सरस लावून, स्क्रू पिळून घट्ट बसवल्या आणि वरून पॉलिश केले. अथणीला तिच्या घरी मार्चमध्ये टेबल टोकापासून वीतभर तडकले. लाकूड खराब होते की सरस कच्चा? भुसा आणि सरस कालवून फट बुजवू का?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : फट बुजवण्याची घाई कृपया करू नये. आपले लाकूड चांगले आहे आणि सरसही पक्का आहे. तो पक्का होता म्हणूनच फळी तडकली. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते, त्यामुळे त्याची लांबी जवळजवळ बदलत नाही, रुंदी मात्र कमीजास्त होते. सागवानातला ओलावा चार टक्क्यांनी उतरला, तर 60 सेंमी रुंदी चार मिलिमीटरपर्यंत आक्रसू शकते. खानापूरच्या भर पावसातली फळी अथणीच्या कोरड्या हवेत आक्रसणारच होती. पण त्याच दिशेला आडव्या पट्ट्यांची लांबी येते आणि ती हलत नाही. जखडलेली फळी अखेर टोकाला फाटली, कारण ओलावा तिथूनच सर्वांत लवकर निघून जातो. आता भुसा भरला, तर पावसाळ्यात फुगणारे लाकूड तो चेपून टाकील आणि पुढच्या उन्हाळ्यात फट पुन्हा उघडेल.

स्क्रू काढून पट्ट्या रंध्याने तासून काढाव्यात. उपटल्यास फळीचे ढलपे निघतात. पट्ट्या सुटल्यावर फट पुष्कळदा आपोआप बरीचशी मिटते, आणि ते पाहताना लाकडाचा स्वभाव जितका कळतो तितका वर्णन वाचून कळत नाही. उरलेल्या फटीत सरस घालून फळी शिकंज्यात दाबून ठेवावी. नव्या पट्ट्यांना सरस अजिबात लावू नये. मधल्या स्क्रूचे भोक गोल ठेवावे, बाजूची भोके पट्टीच्या लांबीच्या दिशेने लांबट करावीत आणि वॉशर घालून स्क्रू बेताने आवळावेत, म्हणजे फळीला सरकता येईल. पॉलिश खालूनही करावे.

पुढच्या वेळी फळ्यांच्या मध्ये पट्ट्या ठेवून चळत रचावी, शक्यतो अथणीच्याच घरात, आणि एक तुकडा आठवड्याला तोलावा. त्याचे वजन उतरायचे थांबेपर्यंत करवत लावू नये. या टेबलाच्या खालच्या अंगाला आजची रुंदी महिन्यासह पेन्सिलीने लिहून ठेवावी आणि ऑगस्टमध्ये पुन्हा मोजावी.