तुमचे प्रश्न, बाईंची उत्तरं : वर्गात जासईचा विषय निघाला तेव्हा

प्रश्न : बाई, नमस्कार. मी कोपरखैरण्याच्या एका शाळेत नववीला इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते. वर्गात गावठाणातली आगरी-कोळी मुलं आहेत, तशीच सेक्टरमधल्या माथाडी कुटुंबांतलीही. परवा नवी मुंबईसाठी झालेल्या भूसंपादनाचा विषय निघाला आणि एक मुलगा म्हणाला, "जासईला गोळीबार झाला तेव्हा माझे आजोबा तिथं होते." मागून दुसरा म्हणाला, "साडेबारा टक्के मिळाले ना, अजून काय पाहिजे?" दोघं हातघाईवर आले. मी विषय थांबवला. आता ते एकमेकांशी बोलत नाहीत आणि मुख्याध्यापक म्हणतात, वर्गात राजकारण नको. विषय पुन्हा काढू का? काढला तर कसा?

उत्तर : जरूर काढा. तुम्ही थांबवलात तरी तो मधल्या सुट्टीत चालूच असणार, आणि तिथं मुलांना सावरायला तुम्ही नसता.

फक्त "जासईबद्दल तुम्हाला काय वाटतं?" असं विचारून सुरुवात करू नका. ती दोघं तयारीतच बसलेली असतील आणि बाकीचा वर्ग बाजू निवडून मोकळा होईल. आधी सगळ्यांना एकच गृहपाठ द्या : आपण राहतो त्या जागेवर १९७० पूर्वी काय होतं, आणि आपल्या घरची माणसं इथं कधी आली, की इथलीच आहेत? कुणाच्या इमारतीखाली भातशेती निघेल, कुणाच्या खाली मिठागर, कुठं खाजण. साताऱ्याकडून बाजार समितीत कामाला आलेल्या वडिलांची हकिकतही याच गृहपाठात येईल, आणि ती तितक्याच लक्षपूर्वक ऐकली गेली पाहिजे.

मग फळ्याचे तीन भाग करा : तपासता येतं ते, ऐकलेलं आणि आपल्याला वाटतं ते. पहिल्या भागात लिहा : १७ मार्च १९७० ला सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची स्थापना. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यातल्या जासई आणि परिसरात, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या शेतकरी आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार, पाच जणांचा मृत्यू. पाच माणसं गेली याला दुसरी बाजू नसते. समतोल राखायचा म्हणून ती शोधत बसू नका. आजोबांची आठवण दुसऱ्या भागात जाईल, पण तिथं ती का गेली हे मुलाला नीट सांगा. ती खोटी ठरवलेली नाही. ती पाहिलेल्या माणसाची साक्ष आहे, आणि त्या दिवसांच्या वर्तमानपत्रांशी ताडून पाहण्याइतकी मोलाची आहे. गोळीबार टाळता आला असता का, मोबदला पुरेसा होता का, हे प्रश्न तिसऱ्या भागातले. तिथं मुलांना भांडू द्या. भांडताना पहिल्या भागातलं काहीतरी पुढे ठेवलंच पाहिजे, एवढी अट घाला.

दुसऱ्या मुलाच्या त्या वाक्यावर अख्खा तास खर्च करा. त्याला गप्प करण्यापेक्षा त्याचं वाक्य सोडवायला घ्या. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याची योजना आहे, हे खरं. ती आधीपासून नव्हती, या आंदोलनानंतर आली, हेही खरं. आता हिशेब करू द्या. एकर म्हणजे ४० गुंठे, त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातले ३० टक्के सामाजिक सुविधांसाठी वजा होतात, म्हणजे हातात साडेतीन. शिवाय संपादनाचा मोबदला वेगळा. उलट बाजूनं, शहरातल्या विकसित भूखंडाचा भाव भातखाचराच्या कितीतरी पट असतो, हेही मुलांनी मांडलं पाहिजे. आकडे समोर आले की "मिळाले ना" म्हणणाऱ्यालाही विचार करावा लागतो आणि "सगळं लुटलं" म्हणणाऱ्यालाही. या तासाला त्या दोघांनाच दोरी घेऊन मैदानावर पाठवा आणि एक गुंठा आखायला सांगा, ३३ फूट बाय ३३ फूट. दोरीचं दुसरं टोक कुणीतरी धरावंच लागतं. त्याआधी हात मिळवायला वगैरे लावू नका, मुलांना त्यातला खोटेपणा लगेच कळतो.

आता एक गोष्ट मी फार आग्रहानं सांगते. कुणाही मुलाला त्याच्या घराच्या किंवा समाजाच्या वतीनं बोलायला उभं करायचं नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतलं घर सोडून आलेल्या कुटुंबांतली मुलं ठाण्यात माझ्या वर्गात होती. "तुझ्याकडे काय झालं रे?" असं त्यांना कुणी सहज विचारलं की त्यांचे चेहरे दगड व्हायचे. आजोबांची हकिकत त्या मुलानं आपणहून आणली तर घ्या, मागू नका. आणि वर्गात एखाद्या मुलीचे वडील पोलीस असतील, हेही बोलताना ध्यानात असू द्या.

मुख्याध्यापकांचं म्हणणं अगदीच गैर नाही. नवी मुंबई विमानतळाच्या नावावरून २०२१ मध्ये इथं केवढं आंदोलन पेटलं ते त्यांनी पाहिलंय, आणि कोणत्याही पक्षाचा प्रचार वर्गात नकोच. त्यांना तासाचं टाचण आधी दाखवा. १८९४ च्या कायद्यानं जमीन कशी घेतली जायची, १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून कसा गेला, २०१३ च्या नव्या कायद्यात काही प्रकल्पांसाठी जमीनमालकांची संमती कशी आली, हे त्यात असू द्या. हे सरळ राज्यशास्त्रच आहे. मुलं "बाई, तुमचं मत काय?" विचारतीलच. मोबदल्याबद्दलचं मत वर्षअखेरीपर्यंत स्वतःजवळ ठेवा, आणि का ठेवताय ते त्यांना सांगा.

मुलांना जासईला न्यायचं मनात असेल तर गोळीबारात गेलेल्यांच्या जानेवारीतल्या अभिवादनाच्या दिवशी नेऊ नका, तेव्हा व्यासपीठावर पुढारी असतात. एखाद्या साध्या शनिवारी न्या, आणि पालकांच्या संमतिपत्रात सहल कशासाठी आहे ते स्पष्ट लिहा.