लॅपटॉप नंतर, आधी ते पाकीट फोडा

नेरूळच्या एका ताईंचं पत्र आलंय. त्या घरून डबे देतात. ४५ गिऱ्हाइकं, सगळा हिशेब एक्सेलमध्ये. लॅपटॉप २०१६ चा, त्यावर विंडोज १०. दुकानदार म्हणतो, याचे अपडेट बंद झाले, ५४ हजारांचा नवा घ्या, नो कॉस्ट ईएमआयवर. शिवाय ऑफिस आणि अँटिव्हायरस मिळून वर्षाला ८ हजार. 'घेऊ का?' एवढाच त्यांचा प्रश्न. पण पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: 'सध्या हात तंग आहे, कारण बँकेतल्या साहेबांच्या सांगण्यावरून एफडी मोडून विमा पॉलिसीत ६० हजार भरले. पॉलिसीचा कागद, म्हणजे बॉन्ड, येऊन पंधरा दिवस झाले, पाकीट अजून फोडलं नाही.'

ताई, ते पाकीट आजच्या आज फोडा.

पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे, स्टँप ड्यूटी आणि मेडिकल झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी रक्कम परत मिळते. म्हणजे तुमच्याकडे पंधरा दिवस उरलेत. पॉलिसी मेलवर त्याआधीच आली असेल तर आणखी कमी, म्हणून मेलची तारीख पहिली बघा. अर्ज विमा कंपनीच्या नावाने करा, शाखेत देऊन शिक्क्याची पोच घ्या आणि तोच अर्ज मेलही करा. साहेब म्हणतील, 'वर्षभर थांबा, मग बघू.' अजिबात थांबू नका. मुदत टळली की हातात येईल ते बरंच कमी असेल. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाका.

'एफडीसारखंच आहे' असं तुम्हाला सांगितलं गेलं. नाही, एफडीसारखं काहीच नाही यात. तुम्ही कळवलेली योजना अशी: १५ वर्षं दरसाल ६० हजार, म्हणजे ९ लाख भरायचे आणि विसाव्या वर्षाअखेर हमखास १५ लाख घ्यायचे. माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः करून बघा. लिबरऑफिस हे ऑफिससारखंच सॉफ्टवेअर फुकट उतरवून घ्या, तुमच्या आत्ताच्या विंडोजवरही चालतं. त्यातलं एक्सेलसारखं कॅल्क उघडा. पहिल्या पंधरा घरांत उणे ६००००, पुढच्या पाचांत शून्य, एकविसाव्यात १५०००००. खाली आयआरआरचं, म्हणजे वर्षाला खरा परतावा किती टक्के पडतो ते काढणारं, सूत्र लावा. उत्तर ४ टक्क्यांनाही टेकत नाही. हेच पैसे पीपीएफमध्ये, आजचा ७.१ टक्के दर टिकला असं धरून, वीस वर्षांनी साधारण २३ लाख होतात. आठ लाखांचा फरक! आणि एवढं करून विमा तुमच्या नावावर, ६ लाखांचा. घर ज्यांच्या पगारावर चालतं त्या यजमानांच्या नावावर एक पैशाचाही नाही. तब्येत चांगली असेल, तंबाखू-सिगारेट नसेल, तर बेचाळिशीत त्यांना १ कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे निव्वळ विमा, ६० हजारांच्या निम्म्याहून कमी हप्त्यात मिळावा. परत आलेल्या पैशांतून आधी तो घ्या. उरलेले पुन्हा एफडीत. ती एफडी अडीअडचणीची होती, मोडायला नको होती.

आता लॅपटॉप. नवा घेऊ नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, आणि एवढ्या जुन्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही हेही खरं. म्हणून मशीन भंगारात जात नाही. लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली. ती पेन ड्राइव्हवर घेऊन, काहीही न पुसता, आधी चालवून बघता येतं. वायफाय, प्रिंटर, मराठी टायपिंग दोन दिवस तपासा. जमलं तर सगळ्या फाइल दुसरीकडे उतरवून मगच इन्स्टॉल करा. हार्ड डिस्क जुन्या पद्धतीची असेल तर एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची वेगवान डिस्क, बसवा. खर्च करायचाच तर तो इथे. मशीनमध्ये फरक लगेच जाणवेल. डब्यांच्या एक्सेल फाइल कॅल्कमध्ये उघडतात, त्यांत मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या सूचना, असतील तर मात्र अडू शकतं. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर थांबा, ते लिनक्सवर थेट चालत नाही. ४५ डब्यांसाठी जीएनयूकॅशसारखं जमाखर्चाचं मोठं सॉफ्टवेअर लागत नाही, तुमची आत्ताची शीट पुरे आहे.

आणि नो कॉस्ट ईएमआय म्हणजे बिनव्याजी नव्हे. बऱ्याचदा रोखीची सवलत जाते, प्रोसेसिंग फी लागते, क्रेडिट कार्डावर घेतलं तर व्याजावर जीएसटी लागतो. ५४ हजार आणि वर्षाचे ८ हजार तुमच्याकडेच राहतात.

अर्जाची पोच मिळाली की तिचा फोटो दोन ठिकाणी ठेवा. पेन ड्राइव्हचं काम रविवारी केलं तरी चालेल.