विमानं दोरीने जोडून एकमेकांना ओढू, उचलू आणि वीज देऊ शकतात का?

तुम्ही विचारलंय की दोन-चार विमानं केबलने एकमेकांना जोडली, एकाने दुसऱ्याला ओढलं, सगळ्यांनी मिळून एखादं वजन उचललं आणि त्याच केबलमधून वीजही वाटून घेतली तर चालेल का, आणि चालत असेल तर आकाशात असं काही दिसत का नाही.

ओढायचं म्हणाल तर ते रोज चालतं. मी ग्लायडिंग (म्हणजे बिनइंजिनाचं विमान, ग्लायडर, उडवणं) शिकलो पुण्यात हडपसरला, तिथे विंच लाँच असायचा, म्हणजे धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाचं विंच लांबलचक केबल भराभर गुंडाळतं आणि त्या ओढीवर ग्लायडर वर चढतो. आता नोकरीमुळे जर्मनीत असतो, इथे क्लबात एरोटोही करतो, पुढे छोटं इंजिनवालं विमान, मागे ५०-६० मीटर दोरी आणि दोरीच्या टोकाला आपण.

यातलं एक गणित बघा, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. दोरीतला ताण गुणिले वेग म्हणजे पॉवर. ५०० किलोचा ग्लायडर, ग्लाइड रेशो (एक मीटर खाली येताना किती मीटर पुढे जातो) ३० धरला तर नुसतं सरळ उडायला साधारण १६५ न्यूटन ओढ लागते, ताशी १०८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३० मीटर वेगाने त्याचे झाले जवळपास ५ किलोवॉट, आणि वर सेकंदाला २ मीटरने चढायचं असेल तर आणखी १० किलोवॉट. म्हणजे काही मिलिमीटर जाडीच्या दोरीतून १५ किलोवॉट पॉवर एका विमानातून दुसऱ्यात जातेय, त्यात तांबं नाही, इन्व्हर्टर नाही, इन्सुलेशन नाही! लोक ओढणं वेगळं आणि पॉवर शेअर करणं वेगळं धरतात तिथेच घोळ होतो असं मला वाटतं. पुढे जाणारी दोन विमानं असतील तर ओढणं हेच पॉवर शेअरिंग आहे, मध्ये वायर टाकली की वजन आणि ड्रॅग (हवेचा विरोध) वाढतो आणि हातात फारसं काही पडत नाही. (दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या होर्सा ग्लायडरच्या टो-दोरीत वायर असायची खरी, पण ती टेलिफोनची, दोन पायलटांना बोलता यावं म्हणून.)

वायरची खरी गरज पडते ती एका जागी तरंगायचं असेल तेव्हा, कारण तिथे वेग शून्य, मग ताण कितीही असू दे, पॉवर शून्यच. ही कल्पना १०० वर्षांहून जुनी आहे. १९१८ साली ऑस्ट्रिया-हंगेरीत पेट्रोत्झी, फॉन कारमान आणि झुरोवेत्झ यांनी पीकेझेड-१ नावाचं इलेक्ट्रिक मोटरवालं हेलिकॉप्टर केलं होतं, वीज जमिनीवरून केबलने, उद्देश हा की टेहळणीच्या हायड्रोजन फुग्यांची जागा घ्यावी. ते उडालं, पण मोटर जळाली आणि पुढच्या पीकेझेड-२ मध्ये त्यांनी पेट्रोलची इंजिनंच वर चढवली. आज तेच काम केबलवाले ड्रोन आरामात करतात, तासन्‌तास एका जागी कॅमेरा धरून उभे राहतात. फरक पडला तो व्होल्टेजने. ५ किलोवॉट ५० व्होल्टला पाठवायचे तर १०० अँपिअर लागतात, ५०० व्होल्टला फक्त १०, आणि वायरमधला लॉस करंटच्या वर्गाने जातो, म्हणजे त्याच वायरमध्ये १०० पट कमी उष्णता. म्हणून केबल बारीक आणि हलकी ठेवता येते, ड्रोनवर मात्र व्होल्टेज परत खाली आणायचा कन्व्हर्टर न्यावा लागतो, त्याचं वजन सोसायचं.

आता या सगळ्याचा खरा शत्रू, केबलचा ड्रॅग. ५०० मीटर लांब आणि ३ सेंटीमीटर जाड केबल म्हणजे वाऱ्यासमोर १५ चौरस मीटर, आणि गोल केबल हवेला वाईटच. मकानी या कॅलिफोर्नियातल्या कंपनीला (आधी स्वतंत्र, २०१३ पासून गूगलकडे) हे पुरेपूर सोसावं लागलं. त्यांचं एम६०० म्हणजे २६ मीटर पंखाचं, ८ रोटरचं विमान केबलला बांधलेलं, उडताना जमिनीवरून वीज घेऊन सरळ वर जायचं, मग वाऱ्याला आडवं मोठमोठ्या गोलात फिरायचं आणि तेच रोटर जनरेटर होऊन वीज खाली पाठवायचे. एकाच केबलमधून ओढ, वीज वर आणि वीज खाली, तुमच्या प्रश्नाच्या इतकं जवळ पोचलेलं दुसरं मशीन मला तरी माहीत नाही. केबलचं एक टोक स्थिर असल्यामुळे पूर्ण ड्रॅग लागत नाही, साधारण पाव हिस्सा धरतात, तरी माझ्या वरच्या उदाहरणात ते पंखाला सुमारे ४ चौरस मीटरचा फळा पूर्ण वेगाने आडवा धरल्यासारखं झालं. २०१९ मध्ये त्यांनी नॉर्वेच्या समुद्रात तरंगत्या तळावरून उडवून दाखवलं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये कंपनी बंद झाली, फार वाईट वाटलं मला.

केबलच्या ड्रॅगवरचा एक उपाय मला अतिशय सुंदर वाटतो. एका मुख्य केबलला वरती दोन फाटे, प्रत्येक फाट्याला एक विमान, आणि दोघं एकमेकांभोवती फिरतात. मग लांब मुख्य केबल जवळजवळ स्थिर राहते, वेगाने फिरतात फक्त आखूड फाटे. जर्मनीत फ्रायबुर्ग युनिव्हर्सिटीत मोरित्झ डील यांच्या ग्रुपने यावर बरंच काम केलंय. अडचण अशी की दोन्ही विमानांनी सतत एकमेकांशी जुळवून उडायला हवं आणि दोघांना वर चढवणं-उतरवणं हा वेगळाच डोंगर आहे.

उचलण्याबद्दल थोडक्यात. दोन हेलिकॉप्टरनी एक वजन उचलायचं तर ती एकमेकांपासून लांब हवीत, मग दोऱ्या तिरक्या होतात. दोघांनी भरलेली बादली मध्ये धरून लांब लांब उभं राहून बघा, हात लगेच भरून येतो. दोन दोऱ्यांमधला कोन १२० अंश झाला की प्रत्येक दोरीवर पूर्ण वजनाएवढा ताण, म्हणजे दोरीच्या ताणात दुसरं हेलिकॉप्टर आणून काहीच वाचलं नाही. म्हणून मध्ये लांब दांडा घालावा लागतो, त्याचं वजन वेगळं.

मग दिसत का नाही? दोरी तुटते म्हणून नाही, तुम्ही उलट विचार करा, ती योग्य वेळी तुटलीच पाहिजे. एरोटोमध्ये मागचा ग्लायडर जास्त वर गेला तर पुढच्या विमानाची शेपटी वर खेचली जाते आणि नाक खाली, जमिनीजवळ हे झालं तर पायलटला सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून दोरीत मुद्दाम कमजोर जोड घालतात आणि दोन्ही टोकांना रिलीज, म्हणजे दोरी सोडून द्यायचा हूक, असतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ५५ मीटर पंखाचा मेसरश्मिट ३२१ ग्लायडर ओढायला एकदम तीन बीएफ-११० फायटर विमानं जोडली होती, त्यात इतके अपघात झाले की शेवटी दोन हाइंकेल १११ एकमेकांना चिकटवून पाच इंजिनांचं वेगळंच टो-विमान बनवलं. पण नीट केलं तर मोठी विमानंही जमतात: डिसेंबर १९९७ ते फेब्रुवारी १९९८ मध्ये नासाने सी-१४१ मालवाहू विमानामागे सुमारे ३०० मीटर दोरीने एफ-१०६ फायटर ओढून नेलं, रनवेवरून उचलण्यासकट, आणि ते व्यवस्थित झालं.

माझ्या मते अडतं ते दोन ठिकाणी, हवेत दोरी पकडणं-सोडणं आणि दोरीने बांधलेली जोडी साध्या विमानतळावर रोज उतरवणं-चढवणं. मॅगपाय एव्हिएशन या कंपनीने नेमकं पहिल्यावर काम केलंय, इलेक्ट्रिक विमानाला वाटेत टो-विमानाने पकडायचं, काही अंतर ओढायचं, सोडायचं, मग पुढचं टो-विमान. तिचे संस्थापक डेमन व्हँडर लिंड आधी मकानीत मुख्य इंजिनिअर होते, आणि बघा, केबलमधून वीज पाठवण्यात इतकी वर्षं घालवलेल्या माणसाने इथे साधी ओढायची दोरी निवडलीय.

तुम्हाला स्वतः डिझाइन करून बघायचं असेल तर मकानीने बंद होताना सगळे रिपोर्ट आणि फ्लाइट डेटा मोफत खुला केलाय, सुरुवात तिथून करा. कुठे काय बिघडलं हे त्यांनी स्वतःच लिहिलंय, तो भाग आधी वाचा.