आपला मारिओ हळू का धावायचा?

प्रश्न : ताई, नव्वदच्या दशकात सदाशिव पेठेतल्या वाड्यात आम्ही चुलत भावंडं मे महिनाभर साध्या व्हिडिओ गेमवर मारिओ खेळायचो. परवा मुलीच्या स्विच या नव्या गेम मशिनवर तोच मारिओ लावला, तर तो भलताच सुसाट पळायला लागला. गाणंही घाईघाईत वाजतंय असं वाटलं. ज्या उड्या मी झोपेतसुद्धा मारल्या असत्या, त्या चुकून खड्ड्यात पडत होतो. मुलगी म्हणते, बाबा, तुमचं वय झालं. खरंच वय झालं, की गेम बदललाय? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : वयाचा काही संबंध नाही. तुमच्या बोटांना फरक बरोबर कळलाय.

आपले टीव्ही पाल पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवणारे. जपान आणि अमेरिकेत एनटीएससी, तिथे सेकंदाला ६० वेळा. सुपर मारिओ ब्रदर्स १९८५ साली जपानच्या फॅमिकॉमसाठी (निंटेंडो कंपनीच्या गेम मशिनसाठी) लिहिला गेला. त्या काळच्या बहुतेक गेमप्रमाणे त्याला वेळ कळतो तो पडद्यावरून: पडदा एकदा रंगला की मारिओ एवढा सरकवायचा, कासव तेवढं सरकवायचं, गाण्याचा पुढचा तुकडा वाजवायचा. तोच प्रोग्रॅम जसाच्या तसा ५० च्या टीव्हीवर चालवला की ६० पायऱ्यांचं काम एका सेकंदाऐवजी १.२ सेकंदात होतं. मारिओ, शत्रू, संगीत, सगळं एकदमच मंद होतं, त्यामुळे खेळताना काही बिघडलंय असं कुणाला वाटत नाही.

पडताळा घ्यायचा असेल तर वरच्या कोपऱ्यातला टाइम बघा. त्यातला एक आकडा पडद्याच्या २४ रंगवण्यांनंतर उतरतो. पहिल्या स्टेजला ४०० मिळतात, म्हणजे ९,६०० रंगवण्या. स्विचवर ते २ मिनिटं ४० सेकंदांत संपतात. तुमच्या वाड्यातल्या टीव्हीवर ३ मिनिटं १२ सेकंद पुरायचे. अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ तुम्हाला हक्काने मिळत होता आणि हात त्याच लयीत तयार झाले.

आता जरा पुढचं सांगते, कारण माझ्या मते खरी गंमत तिथे आहे. युरोपही पालवालाच. पण निंटेंडोने युरोपसाठी मारिओ काढला तेव्हा ५० चा हिशोब धरून त्याचा वेग वाढवून दिला. तिथल्या अधिकृत मशिनचा प्रोसेसरही हळू, १.६६ मेगाहर्ट्झचा, जपानी मशिनचा १.७९. आपल्याकडे बाजारात जे सेट मिळायचे ते बहुतेक फॅमिकॉमच्या नकला. पालसाठी बनलेल्या अशा बऱ्याच नकलांमध्ये तैवानच्या यूएमसी कंपनीच्या चिप असत आणि त्या १.७७ वर चालत, म्हणजे जवळजवळ जपानी वेगाने. स्वराची उंची प्रोसेसरच्या घड्याळावर ठरते आणि गाण्याची गती पडद्यावर. म्हणून आपल्या सेटवर तबल्याची लय उतरलेली, पण तंबोऱ्याचा सूर जागच्या जागी, असं व्हायचं. युरोपच्या मशिनवर तीच जपानी कॅसेट चालवली असती तर सूरही अर्ध्या स्वराहून जास्त खाली गेला असता.

तेव्हा तुम्ही खेळलात ती आवृत्ती जपानी प्रोग्रॅम, तैवानी चिप आणि भारतीय टीव्ही यांची मिळून झालेली. लाखो मुलांनी ती खेळली, तरी कुठलीही कंपनी ती पुन्हा बाजारात आणणार नाही, कारण अधिकृतपणे ती कधी निघालीच नव्हती. निंटेंडोचा २०१६ चा छोटा क्लासिक सेट युरोपातसुद्धा ६० वरच चालतो. वेगाच्या दृष्टीने त्यांचं बरोबरच आहे, गेम लिहिणाऱ्यांना तोच वेग अपेक्षित होता. पण तुमची आठवण खोटी नाही, हे मुलीला जरूर सांगा.

ती लय परत हवी असेल तर संगणकावर मेसेन नावाचा एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशिनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, घ्या. त्याच्या सेटिंगमध्ये प्रदेश निवडायची सोय आहे: एनटीएससी, पाल आणि डेंडी. डेंडी हा रशियात गाजलेला असाच एक नकली सेट. त्याचं वेळेचं गणित आपल्या त्या यूएमसीवाल्या सेटांसारखंच होतं. तो पर्याय निवडा, डोळे मिटा आणि पहिल्या स्टेजचं गाणं ऐका. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या नारायण पेठेतल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातला सोल्डरचा वास आला मला.

प्रश्न : माझ्या मामांनी जर्मनीहून आणलेल्या मशिनवर काँट्रामध्ये माणसांच्या जागी रोबो होते. शाळेत सगळे म्हणायचे, थापा मारतो. आता माझीच खात्री डळमळायला लागलीय. शिवाय एक मित्र म्हणतो, खऱ्या काँट्रात बर्फ पडतो. त्यातला खरा कुठला? (एक वाचक, धनकवडी)

उत्तर : तुम्ही दोघंही खरं बोलताय.

तुमचा तो गेम म्हणजे प्रोबोटेक्टर. हिंसक खेळ मुलांना विकण्यावर जर्मनीत कडक निर्बंध होते. ती अडचण टाळायला काँट्रा बनवणाऱ्या कोनामी कंपनीने १९९० साली युरोपसाठी नाव बदललं, दोन्ही जवान रोबो केले आणि माणसासारखे शत्रूही रोबो केले. बाकी स्टेज, बंदुका, उड्या सगळं तेच. मामांनी अमेरिकेहून मशिन आणलं असतं तर आपल्या टीव्हीवर चित्र काळं-पांढरं दिसलं असतं किंवा वरखाली फिरत राहिलं असतं. माझ्या बाबांच्या दुरुस्तीच्या दुकानात अशी मशिन ‘बिघडली’ म्हणून यायची आणि बिघडलेलं त्यात काहीही नसायचं. जर्मनीची टीव्ही पद्धत मात्र आपल्यासारखीच, म्हणून तुमचं लावल्या लावल्या चाललं.

मित्राचा बर्फ जपानी काँट्रातला, १९८८ च्या फॅमिकॉमवरचा. त्यात प्रत्येक स्टेजच्या आधी नकाशा येतो, पहिल्या जंगलात माडाच्या झावळ्या हलतात आणि बर्फाच्या स्टेजमध्ये खरोखर बर्फ पडतो. अमेरिकी आवृत्तीत झावळ्या स्तब्ध आहेत आणि बर्फ नुसता जमिनीवर. याचं कारण कॅसेटच्या पोटात आहे. जपानमध्ये कोनामीला आपल्या कॅसेट स्वतः बनवायची मुभा होती, म्हणून तिथे त्यांनी व्हीआरसी२ नावाची आपली चिप घातली. ती चिप चित्रांचे संच क्षणात बदलते: झावळी डावीकडे, झावळी उजवीकडे. अमेरिकेत कॅसेट बनवायचं काम निंटेंडोने स्वतःच्या हातात ठेवलं होतं आणि कोनामीची चिप तिथे गेली नाही. साध्या बोर्डावर चित्रं आधी आठ किलोबाइटच्या रॅममध्ये भरावी लागतात, तिथे असा झटपट बदल जमत नाही. मग झावळ्या थांबल्या, नकाशे गेले.

मला विचाराल तर जपानी काँट्राच सरस. २०१९ च्या काँट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शनमध्ये अमेरिकी आणि जपानी अशा दोन्ही आवृत्त्या आहेत. झावळ्या हलताना एकदा बघाच. माझ्या दृष्टीने जुन्या गेमचं पुन:प्रकाशन असंच व्हायला हवं. एकच आवृत्ती ‘मूळ’ म्हणून माथी मारण्यापेक्षा दोन्ही शेजारी ठेवाव्यात, म्हणजे काय गेलं आणि का गेलं ते खेळणाऱ्याला दिसतं.

प्रश्न : टँकवाला गेम (गरुड वाचवायचा तो) अमेरिकेतल्या भाच्याला माहीतच नाही. एवढा प्रसिद्ध गेम, असं कसं? (एक वाचक, सहकारनगर)

उत्तर : बॅटल सिटी, नामको कंपनीचा, १९८५. तो जपानच्या फॅमिकॉमवर निघाला. अमेरिकेच्या मशिनवर कधी आलाच नाही. आपल्या नकली सेटांना फॅमिकॉमच्या ६० पिनांच्या कॅसेट लागायच्या, म्हणून जपानी गेम सरळ आपल्या घरात आले. अमेरिकेच्या कॅसेटला ७२ पिना. रोड फायटर या गाड्यांच्या गेमचंही तसंच, तोही तिथल्या मशिनसाठी निघाला नाही. भाच्याला दाखवायचा असेल तर २०२० च्या नामको म्युझियम आर्काइव्हजच्या दुसऱ्या भागात बॅटल सिटी आहे. दोघांनी मिळून खेळा, एकट्याने त्यात मजा नाही.

प्रश्न : ओळखीत एक जण छोटा प्लेस्टेशन क्लासिक विकतोय. केवळ टेकन ३ साठी घेऊ का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : टेकनसाठी असेल तर नको. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या त्या सेटवर २० गेम आहेत. जपानबाहेर विकलेल्या सेटमध्ये त्यातले नऊ पाल आवृत्तीचे, ५० हर्ट्झचे (सेकंदाला ५० चित्रांचे), आणि टेकन ३ त्या नवांत मोडतो. मशिन मात्र टीव्हीला ६० ने चित्र देतं. म्हणजे दर पाच चित्रांनंतर एक चित्र दोनदा दाखवावं लागतं आणि हालचाल अडखळते. मारिओत मंद लय चालून जाते. टेकनमध्ये समोरच्याचा पाय उचललेला दिसताच तुम्हाला अडवायचं असतं, तिथे ही अडखळ सहन होत नाही. शिवाय आमच्याकडे गेम पार्लरवाल्यांची जी मशिन दुरुस्तीला यायची, त्यांच्यासोबतच्या सीडी बहुतेक अमेरिकी असायच्या, म्हणजे तुमची सवयही बहुधा ६० चीच असणार. घ्यायचाच तर जपानी सेट शोधा. त्यावर टेकन ३ आहे आणि तो जपानी आवृत्तीचा आहे. बाकीची यादी वेगळी आहे आणि बरेच गेम जपानी भाषेत आहेत, तेवढं लक्षात ठेवा.

प्रश्न : माळ्यावर जुना सेट आणि कॅसेटचा डबा सापडला. सुरू करायला भीती वाटते. काय करू? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : भीती वाटते हे बरंच आहे. आधी अडॅप्टर बघा. या सेटांच्या अडॅप्टरचा अधिक-उणे सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे सेटवर छापलेलं चिन्ह आणि अडॅप्टरवरचं चिन्ह जुळल्याशिवाय पिन खुपसू नका. मूळ अडॅप्टर हरवला असेल तर सेट सोबत घेऊन तपकीर गल्लीत जा आणि दुकानदाराला मीटर लावून दाखवायला सांगा. कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात. कापसाच्या इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन सोनेरी पट्ट्या हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. सेटला एव्ही पिना असतील तर नव्या टीव्हीवर सरळ लावा. फक्त अँटेनाची वायर असेल तर टीव्हीच्या ट्यूनिंगमध्ये अ‍ॅनलॉग निवडून शोध घ्यावा लागेल. आणि टीव्हीला चित्र ताणू देऊ नका, ४:३ ठेवा, नाहीतर मारिओ बुटका दिसेल.

डबा भंगारात मात्र देऊ नका. जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी अशा कॅसेट ढिगात पडलेल्या असतात आणि वरच्या चित्रावरून आत काय आहे ते कधीच कळत नाही. एखाद्या ‘अमुक इन वन’मध्ये स्टेज बदललेला मारिओ निघतो, एखाद्यात चित्रं बदललेला काँट्रा. हे बदल कुणी केले याची कुठेही नोंद नाही आणि जेवढ्या कॅसेट उरल्यात तेवढाच त्याचा पुरावा.

मागचा स्क्रू काढता आला तर आतल्या बोर्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून या सदराच्या पत्त्यावर पाठवा, सेटच्या आतल्या चिपवरचे आकडेही. चिपच्या जागी नुसता काळा गोल थेंब दिसला तर तो खरवडू नका. चिप त्याच्याखालीच असते आणि तिच्यातला मजकूर कडेच्या पिनांवरूनच वाचता येतो. ते यंत्र माझ्याकडे आहे. कॅसेट घेऊन या, वाचून लगेच परत देईन.